व्यंकटेशरावांचा न बदलणारा नंबर

आदिलाबादच्या आमच्या कॉलनीत व्यंकटेशरावांची आणि माझी घरं एकमेकांना लागून होती. मधे एकच भिंत. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझी बायको स्वतःच्या गॅसकडे बघायची. मी मराठी शाळेत मास्तर आणि ते टेलिफोन खात्यात टेक्निशियन. ते मूळचे तलमडुगुचे. वडील यशवंतराव तिथेच राहून कापूस आणि ज्वारी बघायचे. व्यंकटेशराव पॉलिटेक्निक करून शहाऐंशी साली खात्यात लागले.

माणूस उंच आणि हळू बोलणारा. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की जरा जास्त बोलायचा. कॉलनीत कोणाचा मिक्सर बिघडला, कोणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या, की व्यंकटेशराव. चहासुद्धा घेतील असं नाही.

त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडून गेलेली होती. ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली. एक्क्याण्णव साली ते इचोड्याच्या पुढे, जंगलाच्या बाजूच्या एका गावात नोकरीला होते. छोटं एक्सचेंज, दोन खोल्यांचं. एका संध्याकाळी जंगलातले लोक, नक्षलवादी, आले. आमच्याकडे त्यांना सगळे दबक्या आवाजात 'अण्णा' म्हणत. त्यांनी व्यंकटेशरावांना तेलुगूत सांगितलं, तुमचा डबा घ्या आणि बाहेर व्हा. व्यंकटेशरावांनी डबा उचलला. पुढच्या क्षणी आत रॉकेल ओतलं गेलं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी आपली यंत्रं जळताना पाहिली.

खरा त्रास त्यानंतर झाला. पोलिसांचा एकच सवाल होता, "तुला का सोडलं?" व्यंकटेशराव म्हणायचे, मला काय माहीत. पण वर्षभर त्यांना बोलावणं येत राहिलं. पुढे आदिलाबादला बदली झाली आणि बोलावणं थांबलं. नाव मात्र पोलिसांकडे राहिलंच.

"एकदा लिहिलं की ते खोडत नाहीत, मास्तर," ते म्हणाले होते.

त्यांची बायको कुमुदिनी नांदेडची, बीएस्सी झालेली. अठ्ठ्याण्णव साली तिला हैदराबादच्या एका कंपनीचं काम मिळालं. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल बोलून ठेवायचे. ते बोलणं कॉम्प्युटरवरून इथं यायचं आणि कुमुदिनी कानाला हेडफोन लावून ते टाइप करायची. बोलणं थांबवायला, मागं घ्यायला पायाखाली एक पेडल. शिवणयंत्रावर बसल्यासारखी बसायची ती. मला नवल वाटायचं. कुठल्यातरी अमेरिकन म्हातारीच्या गुडघ्याचं दुखणं आदिलाबादला आमच्या भिंतीपलीकडे लिहिलं जात होतं.

सुरुवातीला ती साध्या फोनवरून जोडणी करायची. पण कंपनीची एक अडचण होती. पेशंटची माहिती म्हणजे नाजूक मामला. हैदराबादचा कॉम्प्युटर फक्त ओळखीच्या नंबरांनाच आत घेणार. आणि साध्या फोनवरून इंटरनेट लावलं की दर वेळी घराला इंटरनेटवरचा वेगळाच नंबर मिळायचा. म्हणून कंपनीने स्वतःच्या नावावर एक खास लाइन घेतली. चोवीस तास चालू आणि नंबर कायमचा. आकड्यांचे चार गट, मधे टिंबं, असा तो नंबर. कंपनीशी फोनवर बोलताना कुमुदिनीला तो सारखा सांगावा लागायचा, इतका की माझ्या बायकोलासुद्धा पाठ झाला होता.

लाइन चालू झाली त्या रविवारी व्यंकटेशराव सकाळपासून पुढच्या खोलीत जमिनीवर बसले होते. मी चहाचा कप घेऊन बघत होतो. एक जुना कॉम्प्युटर त्यांनी उघडून ठेवला होता. त्यात त्यांनी दोन कार्डं बसवली. बाहेरून आलेली तार एका कार्डात. दुसऱ्या कार्डातून निघालेली तार कुमुदिनीच्या आणि तिच्या मदतनीस मुलीच्या अशा दोन कॉम्प्युटरांकडे.

"म्हणजे हे मधलं डबडं टाइपिंगचं कामच करणार नाही?" मी विचारलं.

"नाही. हा फक्त दारात बसणार. घरातून आपण काही मागितलं, तर त्याचं उत्तर तेवढं आत सोडणार. न बोलावता कोणी आलं, तर दार बंद. फायरवॉल म्हणतात याला."

कुमुदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आगीची भिंत! नाव तरी बरं ठेवायचं."

व्यंकटेशराव हसले नाहीत. एक्सचेंजची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, नाहीतर मीही नसतो हसलो.

दुपारपर्यंत ते नियम लिहीत होते. काय आत येईल, काय येणार नाही. मग कंपनीच्या हैदराबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, आता मी तुमच्या दारावर येऊन बघतो. बराच वेळ त्याने खटपट केली आणि शेवटी म्हणाला, नाही जमत, मस्त झालंय. कुमुदिनीने सगळ्यांना शिरा दिला.

आम्ही शिरा खात असताना त्या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. एक, मग दुसरी. मग भराभर.

"हे काय?" कुमुदिनीने विचारलं.

"कोणीतरी आत यायला बघतंय. त्याला नाही म्हटलं, त्याची नोंद."

"इंजिनिअर?"

"नाही. हा ब्राझीलचा दिसतो. हा... हा कोरियाचा."

कुमुदिनीचा चमचा वाटीतच राहिला. "अहो, आपण अजून कोणाला सांगितलंच नाही. यांना कळलं कसं?"

"कोणी सांगावं लागत नाही. नंबर आहे म्हणून दार वाजवतात. जगातल्या सगळ्याच नंबरांवर वाजवत जातात. ज्याचं उघडं, त्याच्या घरात."

ती थोड्या वेळाने उठली आणि घराच्या खऱ्या दाराची कडी लावून आली. भर दुपारी.

पुढचे काही महिने चांगले गेले. काम वाढलं. व्यंकटेशराव ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी त्या काळ्या पडद्यासमोर उभे राहायचे. आज कुठून कुठून आले होते ते मला अंगणातल्या भिंतीवरून सांगायचे. जसा एखादा माणूस आज शेतात किती रानडुकरं आली ते सांगेल, तसं.

पण एक गैरसोय होती. लाइन मधेच अडकायची आणि ते ड्यूटीवर असायचे. कुमुदिनी फोन करायची, काम खोळंबलं, या. साहेब काही दर वेळी सोडायचे नाहीत. तेव्हा व्यंकटेशरावांनी आपल्या भिंतीत एक फट ठेवली. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरून त्यांना घरच्या डबड्यात शिरता येईल आणि दुरुस्ती करता येईल, अशी. हैदराबादच्या इंजिनिअरने नको म्हटलं होतं. व्यंकटेशराव म्हणाले, परवलीचा शब्द आहे ना त्याला.

मला त्यांनी तो शब्द हसत सांगितला. गावाचंच नाव ठेवलं होतं, तलमडुगु.

"मास्तर, जगात तलमडुगु कोणाला माहीत आहे?"

त्यानंतर दिवाळी झाली आणि पडद्यावरच्या ओळी कमी झाल्या. आधी दिवसभर वाहायच्या, आता अधूनमधून एखादी. व्यंकटेशराव खूश होते. म्हणायचे, आपलं काम पक्कं झालं, आता लोक आपल्या दारावर वेळ घालवत नाहीत.

खुपत होतं ते कुमुदिनीला. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून ती पुसायला बसली की त्या डबड्यावरचा हिरवा दिवा तिला दिसायचा. तो लुकलुकत असायचा. कधी थांबून थांबून, कधी एकसारखा.

"अहो, पडद्यावर तर काहीच नाही. घरात कोणी काम करत नाही. मग तो दिवा कशाचा चमकतो?"

"असंच. लाइन चालू आहे म्हणून."

"आधी नव्हता चमकत असा."

व्यंकटेशरावांनी एकदा बसून पाहिलं. पडदा शांत होता. सगळे नियम जागच्या जागी होते. ते म्हणाले, रविवारी उघडून बघतो. तो रविवार कामात गेला. त्याच्या पुढचाही गेला. कुमुदिनीने मग त्या दिव्यासमोर शिलाईच्या दोऱ्याचा डबा ठेवून दिला. म्हणाली, सारखं लक्ष जातं.

जानेवारीत, संक्रांतीच्या नंतर, सकाळच्या वेळी एक जीप आमच्या गल्लीत शिरली. साध्या कपड्यातले तिघे उतरले. व्यंकटेशराव आंघोळीला गेले होते. कुमुदिनी अंगणात होती. त्यांच्यातल्या एकाने खिशातून चिठ्ठी काढून हिंदीत आकडे वाचले. आकड्यांचे चार गट, मधे टिंबं.

"ये नंबर किसका है?"

"हमारा," कुमुदिनी म्हणाली. इतके महिने फोनवर कंपनीला सांगत आली होती, तशीच पटकन.

मी माझ्या पायरीवर दात घासत उभा होतो. तिचा चेहरा मला दिसत होता. तो शब्द बोलून झाल्यावर तिला कळलं की ही माणसं कंपनीची नाहीत.

हैदराबादच्या एका मोठ्या साहेबाला धमकीची मेल गेली होती. तेलुगू भाषा, इंग्रजी अक्षरं. साहेबाच्या मुलीचं नाव, तिची शाळा, ती कुठल्या रिक्षाने जाते, सगळं त्यात होतं. मेल लिहिणाऱ्याने स्वतःला जंगलातला म्हटलं होतं. आणि ती मेल निघाली होती आमच्या भिंतीपलीकडच्या घरातून. पोलिसांना शोधावंही लागलं नाही. ज्या नंबरावरून निघाली तो नंबर कायमचा होता. खात्याला विचारलं, खात्याने घर दाखवलं.

व्यंकटेशरावांना ओल्या केसांनीच नेलं. तिन्ही कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये टाकले. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "मास्तर, बाबांना कळवा."

यशवंतराव दुपारच्या बसने आले. धोतर, खांद्यावर उपरणं, पायातल्या वहाणांना कपाशीच्या रानातली काळी माती. आम्ही दोघं ठाण्यावर गेलो. इन्स्पेक्टर मोठ्या आवाजाचा नव्हता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तहकीकात चल रही है," तो म्हणाला. "आपका बेटा पुराना नाम है हमारे पास. पहले एक्सचेंज जला, ये बच गया. अब ये चिट्ठी. दोनों बार यही आदमी?"

त्या दिवशी, त्या खुर्चीवर, मला एक्सचेंजची गोष्ट पहिल्यांदा कळली. सगळी व्यंकटेशरावांनी नंतर सांगितली.

यशवंतरावांना हिंदी समजायची, बोलायला अडायचं. ते मराठीतच म्हणाले, "सायेब, माया पोरगा तार जोडते. चिठ्ठ्या लिवत नाही. त्याले धड पत्र लिवता येत नाही घरी."

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "समझाइए इनको. घर इनके बेटे का, मशीन उसकी, चाबी उसके पास. तो फिर किसने किया?"

 मी मनात दिव्याचं, दाराचं, फटीचं काहीतरी जुळवत होतो, पण ते हिंदीत कसं सांगावं हेच कळेना. आणि सांगितलं असतं, तर 'फट ठेवली होती' हेच वाक्य त्यांनी लिहून घेतलं असतं.

भेट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुमुदिनी डबा घेऊन जायची, शिपाई आत घ्यायचा, तो कोण खायचं देव जाणे. हैदराबादच्या कंपनीला तिने फोन केला. इंजिनिअरने आधी हळहळ केली, मग म्हणाला, मॅडम, आता तुमच्या नंबरावरून काही स्वीकारू नये असं वरून आलंय. पुढच्या वेळी फोन उचललाच नाही. कॉलनीतले लोक आमच्या गल्लीतून जायचं टाळू लागले. ज्यांचे मिक्सर व्यंकटेशरावांनी दुरुस्त केले होते, ते बाजारात दिसले की मान वळवायचे. त्यांना दोष देत नाही मी. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणाच्या दाराशी उभं राहिलो हे पोलिस आणि अण्णा, दोन्हीकडचे लोक लक्षात ठेवत.

मग एका सकाळी दूधवाला सांगत आला, टेलिफोनवाल्यांना जीपमधून बेज्जूरच्या रस्त्याने नेताना कोणीतरी पाहिलं.

यशवंतराव ओसरीत चहा घेत होते. बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बेज्जूरले काऊन नेतीन? तिकडं तं नुसतं रान..."

 कुमुदिनी दारात ऐकत उभी होती. त्या काळी एखाद्याला पोलिस रानाकडे घेऊन गेले म्हटलं की पेपरात चकमकीची चार ओळींची बातमी यायची. पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ती कशी लिहिली जाते ते माहीत होतं.

मी आणि यशवंतराव तसेच निघालो. ठाण्यावर कोणी काही सांगेना. इन्स्पेक्टर नव्हता. जीप नव्हती. शिपाई म्हणाला, मालूम नहीं. आम्ही समोरच्या पानटपरीच्या बाकावर बसून राहिलो. यशवंतराव रस्त्याने एखादी जीप आली की उभे राहायचे, ती पुढे निघून गेली की बसायचे. उन्हं कलली तरी तेच. शेवटी शिपायालाच दया आली. तो टपरीवर पान घ्यायला आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अंदर ही है. कहीं नहीं ले गये." खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. यशवंतरावांनी त्याच्या पायाला हात लावला. तो दचकून मागे सरला.

व्यंकटेशराव सुटले ते त्यांच्या निर्दोषपणामुळे नव्हे. ते आत असताना, लाइन तोडलेली असताना, घरात एकही कॉम्प्युटर नसताना, त्या साहेबाला दुसरी मेल आली. तशीच भाषा, तीच मुलगी, आता तिच्या नव्या रिक्षाचासुद्धा उल्लेख. ती निघाली होती दूर दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा दुकानाच्या नंबरावरून. तेव्हा हैदराबादहून फोन आला आणि इन्स्पेक्टरने आम्हाला बोलावून सांगितलं, "ले जाइए. सही-सलामत है."

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि हातात तांब्या धरून बसून राहिले. मारलं का, असं विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी तेच म्हणाले, "मारलं नाही, मास्तर. तेच तेच विचारलं. चावी कोणाकडे? माझ्याकडे. आणखी कोणाकडे? कोणाकडे नाही. म्हणजे तूच. मलाही शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, मीच केलं असेल. दुसरं कोण करणार?"

कॉम्प्युटर परत मिळाले ते उन्हाळ्यात, त्याच गोणपाटात. कुमुदिनी म्हणाली, विकून टाका. पण व्यंकटेशरावांनी एका दुपारी ते डबडं जोडलं आणि त्याच्यापुढे बसले. बराच वेळ भिंतीपलीकडून कीबोर्डची खटखट येत होती. मग त्यांनी मला हाक मारली.

"हे बघा," ते म्हणाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांचा चेहरा कळत होता. "फट ठेवून महिना झाला नव्हता, तेव्हापासून तो आत होता. माझ्याच फटीतून आला, परवलीच्या शब्दाला गावांची नावं एकामागून एक लावून बघत. आल्यावर काय केलं माहीत आहे? बाकीच्यांसाठी दारं बंद केली. मी विसरलेल्या दोन जागा त्याने बुजवल्या. ओळी पडद्यावर येऊ नयेत अशीही सोय केली. मला वाटत होतं माझी भिंत पक्की झाली. ती त्याने केली होती, मास्तर. माझ्यापेक्षा चांगली. त्याला आत एकट्याला राहायचं होतं."

कुमुदिनी आमच्या मागे येऊन उभी होती. "म्हणजे मी ते पेशंटचं सगळं लिहीत होते तेव्हा..."

"होय."

ती पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी.

यशवंतराव त्या दिवसांत इथेच होते. पेरणी तोंडावर आली तरी तलमडुगुला जायचं नाव घेत नव्हते. संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर बसवून विचारलं, "त्याचा तुयाशी काय दावा व्हता?"

"काही नाही, बाबा."

"जमिनीचा? नोकरीतला कोनी?"

"नाही बाबा. त्याला माहीतसुद्धा नाही मी कोण आहे. त्याला फक्त एक घर पाहिजे होतं."

 एक्सचेंज जाळणाऱ्यांचं यशवंतरावांना समजत होतं, पोलिसांचंही समजत होतं. "दावा नसतानी?" ते म्हणाले. "मंग मानूस राखन कोनापासून करीन?"

 व्यंकटेशरावांनी उठून दिवा लावला.

मेल लिहिणारा कधी सापडला नाही. साहेबाच्या मुलीला काही झालं नाही, एवढं पेपरवरून कळलं. साहेबांची बदली झाली. पावसाळ्यानंतर व्यंकटेशरावांनी भैंशाच्या बाजूला बदली मागून घेतली. कुमुदिनीला तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं. जायच्या दिवशी टेम्पोत सामान चढवताना मी विचारलं, तिकडे घरी इंटरनेट घेणार का? व्यंकटेशराव गॅसच्या शेगडीला सुतळी बांधत होते. गाठ आवळून ते म्हणाले, "खात्यात तेच काम देत आहेत मला आता. लोकांच्या घरी लाइनी लावायचं." आणि शेगडी उचलायला मला दुसरी बाजू धरायला सांगितली.